बंदूक कोणाची? एका ठशाचा माग

मागच्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातली प्रमाणं पाहिली. त्यावर एका श्रोत्यांची चिठ्ठी आली, की सर, डोंगरावरचा धूर आणि अग्नी आता पुरे, घरातलं एखादं उदाहरण द्या. तर आज आपण बंदूक घेऊ. हसू नका, घरातलीच आहे.

आमचा एक जुना विद्यार्थी साताऱ्याकडचा. त्यांच्या वाड्यात सोप्याच्या भिंतीवर एक रायफल टांगलेली असे. दर खंडेनवमीला ती खाली काढायची, घासायची, हळदकुंकू वाहायचं. घरात सांगत आलेले, की ही पणजोबांची, मैवंदच्या लढाईतून आणलेली. ही लढाई २७ जुलै १८८० ची, अफगाणिस्तानात कंदाहारजवळ झाली. इंग्रजांचा मोठा पराभव झाला आणि मुंबई इलाख्याच्या पलटणी त्यात होरपळल्या. वाड्याची वाटणी व्हायची होती, आणि ‘मैवंदची बंदूक’ कोणाकडे जाणार यावरून दोन भावांत बोलणं बंद झालं होतं. म्हणून त्यानं आम्हांला बोलावलं. आम्ही काही शस्त्रांचे तज्ज्ञ नव्हे, पण पुरावा कसा वाचावा एवढं आयुष्यभर शिकवत आलो.

आधी दोन व्यवहाराच्या गोष्टी. एक, नळीत काडतूस नाही ना, हे जाणत्या माणसाकडून बघून घ्यायचं. दुसरी, परवाना. १९५९ च्या शस्त्र कायद्यात, दुरुस्ती करूनही चालणार नाही अशा जुन्या शस्त्रांना सवलत आहे, पण ते आपण घरबसल्या ठरवायचं नसतं. या घरी कागद होते. नसतील तर संशोधन नंतर, पोलीस ठाणं आधी.

आता प्रत्यक्ष. बंदूक दारात नेली आणि तिरप्या उन्हात धरली. सरळ उजेडात ठसे दिसत नाहीत, तिरप्या उजेडात अक्षरांच्या कडांची सावली पडते. नळीच्या मागच्या लोखंडी पेटीवर, उजव्या अंगाला, मुकुट, त्याखाली व्ही. आर., मग ‘एनफील्ड’, मग १८८७, आणि चारचा रोमन आकडा. दरवर्षी घासून काही खुणा पुसट झाल्या होत्या. पण गंमत बघा, खोलगट अक्षरांत कुंकू बसून राहिलेलं, म्हणून ती उठून दिसत होती. घासल्यानं गेलं, ते पूजेनं राखलं! आता मात्र कोणी घासू नका. ना चिंच, ना राख, ना पॉलिशपेपर.

ही मार्टिनी-हेन्री. हिचा कर्ता कोण? प्रश्न सोपा वाटतो. मुळातली खाली झुकणाऱ्या ठोकळ्याची कल्पना बॉस्टनच्या पीबडीची, त्याचं पेटंट १८६२ चं. बाहेरचा घोडा काढून सगळी यंत्रणा आत नेली ती स्वित्झर्लंडमध्ये काम करणाऱ्या मार्टिनीनं. नळीतले आटे एडिनबरोच्या अलेक्झांडर हेन्रीचे. १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्यानं ती स्वीकारली, आणि ही एनफील्डच्या सरकारी कारखान्यात घडली. शिवाय ठसा फक्त पेटीचा कर्ता सांगतो. नळी बदललेली असेल, लाकूड दुसऱ्या देशातलं असेल. म्हणजे अमुक ठशाची बंदूक अमक्यानंच ‘केली’ असं म्हणताना जरा दमानं घ्यावं.

ठसा हे शब्दप्रमाण आहे. शब्द प्रमाण कधी? सांगणारा आप्त असेल तेव्हा. त्याला माहीत असलं पाहिजे आणि खरं सांगायची इच्छा असली पाहिजे. खैबरच्या बाजूला, दर्रा आदमखेलसारख्या ठिकाणी, विलायती बंदुकांच्या हुबेहूब नकला होत. कारागिरांचा हात असा, की ठसेही उमटवत. पण ती अक्षरं त्यांच्यासाठी नक्षी होती. म्हणून कुठे ‘एनफील्ड’मधला इंग्रजी एन उलटा, कुठे व्ही. आर. खाली १९०७ साल. व्ही. आर. म्हणजे राणी व्हिक्टोरिया, आणि ती १९०१ मध्येच वारली. आमच्या बंदुकीत असलं काही सापडलं नाही. चौथ्या नमुन्याची खूण म्हणजे लांब लिव्हर. वापरलेलं काडतूस आत अडकून बसे, ते ओढायला जास्त जोर मिळावा म्हणून तो लांबवला. इथे लिव्हर लांबच होता. ठसा आणि घडण एकच सांगत होते.

आपल्याला एक फायदाही आहे. २००३ मध्ये नेपाळच्या जुन्या शस्त्रागारातला मोठा साठा अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी विकत घेतला. त्यातल्या बंदुकांवर देवनागरी अक्षरं आणि आकडे आहेत. तिकडचे ग्राहक त्यापुढे अडतात. आपलं शाळकरी पोरही ते वाचेल.

तर अनुमान सरळ आहे. १८८७ ची बंदूक १८८० च्या लढाईत असू शकत नाही. आणखी एक आहे. १८५७ नंतर देशी पलटणींना गोऱ्या सैन्याहून एक पिढी जुनं हत्यार देत. मैवंदला गोऱ्यांच्या ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी होती, आपल्या शिपायांकडे जुनी स्नायडर. गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळाली, तेव्हा कुठे मार्टिनी देशी शिपायांकडे उतरली.

हे सांगितल्यावर घरातले थोरले काका, नव्वदीला टेकलेले, म्हणाले, “म्हणजे आमचे आजोबा खोटं बोलले?” आम्ही म्हटलं, तसं नाही. बंदूक तिथे नव्हती एवढंच सिद्ध झालं. माणूस तिथे होता की नव्हता हा वेगळा प्रश्न, त्याचे कागद वेगळे. दोन वाक्यांची गाठ कोणीतरी नंतर मारली, आपण ती सोडवतो आहोत.

मालकाचा शोध याहून अवघड. बंदुकीचा क्रमांक आणि शिपायाचं नाव एकाच कागदावर मिळणं दुर्मीळ. दस्त्याच्या टोकाच्या लोखंडी पत्र्यावर पलटणीची खूण असू शकते. इथे ती झिजून गेली होती. खूण दिसत नाही म्हणजे नव्हतीच, असं मात्र म्हणता येत नाही. दोन बाण टोकाला टोक लावून भिडलेले दिसले, तर सरकारनं ती बंदूक सेवेतून काढून विकली असं समजायचं. ते होते. म्हणजे घरात आली ती रणांगणातून नव्हे, विक्रीतून आली असण्याची शक्यता जास्त.

आणि मग लाकडाच्या खालच्या अंगाला, जिथं हात धरतो तिथं, खिळ्यानं कोरलेली ओळ दिसली. मोडी. आमचं मोडी कच्चं. एका मित्राला फोटो पाठवला. तासाभरात उत्तर आलं: एक नाव, आणि याच गावाचं नाव. आडनाव मात्र या घराचं नव्हतं.

कोणी काही बोललं नाही. त्या आडनावाचं घर गावात आजही आहे, वेशीपाशी. जुना परवाना काढून पाहिला, तो आजोबांच्या नावचा, १९३१ चा. त्याआधीचं काहीच नाही. विकत घेतली, गहाण राहिली, की सांभाळायला दिली, हे लाकूड सांगत नव्हतं. ज्या दोघांचं भांडण होतं ते एकमेकांकडे बघत होते, बहुधा महिन्यांनी पहिल्यांदा. काकांनी बंदूक मांडीवर घेतली, त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि नातवाला म्हणाले, “वेशीवरच्या आबांना चहाला बोलाव. त्यांच्या घरात काय सांगतात ते ऐकू.”

आबा आले. त्यांनी काय सांगितलं ते पुढच्या वेळी, कारण त्यासाठी आपल्याला आधी स्मृती प्रमाण आहे की नाही, हा वाद बघावा लागेल.