बर्फाचें यंत्र आणि रबराचा पट्टा

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचें कोणी ना कोणी आज अमेरिकेंत असतें. तिकडून येणाऱ्या छायाचित्रांत बर्फ मोठें मनोहर दिसतें. परंतु तें दारासमोरून हलवावें कसें, हा प्रश्न छायाचित्रांत दिसत नाहीं. एका हिवाळ्यांत आम्ही धाकट्या बंधूंकडे बफलो येथें राहिलों, तेव्हां त्याचा पुरता अनुभव आला.

हें शहर ईरी सरोवराच्या पूर्व टोकास आहे. हिवाळ्याच्या आरंभीं थंड वारा सरोवराच्या उबदार पाण्यावरून वाहूं लागला, कीं तो वाफ उचलतो व किनाऱ्यावर बर्फरूपानें ओततो. नोव्हेंबर २०२२ मध्यें शहरानजीकच्या ऑर्चर्ड पार्क या गांवीं सुमारें ८० इंच बर्फ पडलें. एवढ्या बर्फापुढें फावड्याचें काय चालणार? शिवाय कडाक्याच्या थंडींत तें उपसण्याच्या श्रमानें हृदयावर ताण पडून दरवर्षीं कित्येक माणसें प्राणास मुकतात. म्हणून तिकडे पुष्कळ घरीं स्नोब्लोअर असतो. क्वेबेक प्रांतांतील आर्थर सिकार यानें १९२५ मध्यें असलें मोठें यंत्र तयार केलें. हातानें चालविण्याचीं घरगुती यंत्रें मागाहून आलीं.

या यंत्राचीं पुढलीं मळसूत्री पातीं बर्फ खरडून मध्यभागीं आणतात व मागचा पंखा तें नळकांड्यांतून दूर फेकतो. इंजिनाची शक्ति त्यांस पोंचविणारा दुवा म्हणजे एक रबरी पट्टा. मुठीजवळचा दांडा दाबला, कीं लहानशी पुली पट्ट्यास ताण देते व पातीं फिरतात. सोडला, कीं थांबतात. पिठाच्या गिरणीचा पट्टा घसरूं लागला म्हणजे मोटर फिरते पण जातें मंदावतें, हें आपण पाहतोंच. येथेंही तसेंच.

एके पहाटे इंजिन गुरगुरत राहिलें, परंतु बर्फ दूर न उडतां पायाशींच पडूं लागलें. जळक्या रबराचा वास सुटला आणि नळकांडें तुंबलें. आमच्या भावजयीस सात वाजतां रुग्णालयांत हजर व्हावयाचें होतें. घाईघाईनें बंधूंनीं इंजिन बंद केलें व आंत हात घालणार, तोंच शेजारचे वृद्ध गृहस्थ ओरडले, "हात घालूं नका! काठी घ्या!"

त्यांनीं मागाहून कारण सांगितलें. इंजिन बंद झालें तरी तुंबलेल्या यंत्राच्या पट्ट्यांत ताण उरूं शकतो. अडथळा निघतांच पंखा झटक्यानें फिरतो आणि बोटें जातात. त्या दिवशीं त्यांच्याच यंत्रानें आमची वाट मोकळी झाली.

रविवारीं तेच गृहस्थ पट्टा बदलावयास आले. प्रथम किल्ली काढून स्पार्क प्लगची तार सोडविली. यंत्र पुढच्या तोंडावर उभें करावयाचें असल्यानें टांकींतील पेट्रोल काढून घेतलें. झांकण उघडून पट्ट्याचा मार्ग कागदावर रेखाटला. मग बोल्ट काढून पुढचा भाग वेगळा केला. जुन्या पट्ट्याच्या कडा कांचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या, जागोजाग भेगा होत्या, आणि धागे बाहेर आले होते. नवा पट्टा यंत्रकर्त्यानें दिलेल्या क्रमांकाचाच घ्यावा. नुसती लांबी जुळून भागत नाहीं, कारण त्यास वारंवार ताणणें व सैल होणें सोसावें लागतें. शेवटीं दांड्याची तार अशी बसविली, कीं दांडा दाबतांच पातीं फिरावीं व सोडतांच थांबावीं. सोडल्यावरही तीं फिरत राहिलीं, तर ताण अधिक झाला असें समजावें.

काम दोन तासांचें. परंतु तें निवांतपणीं, ऑक्टोबरांत झालें असतें तर ती पहाट आलीच नसती. आपले वाडवडील मृगापूर्वीं कौलें शाकारून घेत, तें उगाच नव्हे. यंदा परदेशीं असलेल्या मुलाशीं बोलतांना "थंडींत जपून राहा" एवढेंच न म्हणतां, "यंत्राचा पट्टा पाहिलास काय?" हेंही अवश्य विचारावें.