भाड्याची मोटार आणि मावशीचें घर

नातलगांस भेटावयास भाड्याची मोटार ठरवितांना प्रथम तिचा हिशेब समजून घ्यावा. भाडें किलोमीटरावर असलें, तरी मोटारवाले बहुधा दिवसाला निदान 300 किलोमीटर धरितात. आणि त्यांचा दिवस मध्यरात्रीं संपतो. पुण्याहून संगमनेरमार्गें प्रवरेकांठच्या अकोले गांवीं जाऊन येणें म्हणजे सुमारें 330 किलोमीटर. त्याच दिवशीं परतल्यास तेवढेंच भाडें. मुक्काम केल्यास 600 किलोमीटरांचें, शिवाय चालकाचा भत्ता!

हा हिशेब मनांत धरून आम्हीं एके वर्षीं वाटेंत चार घरें उरकलीं. मावशीच्या दारीं पोहोंचलों तेव्हां दिवस मावळला होता. तिनें चूल पेटविली आणि आम्हीं घड्याळ पाहिलें. भाकरी फडक्यांत बांधून घेऊन निघालों. पुढल्या खेपेस मावशी नव्हती.

हल्लीं आम्ही एकच घर ठरवितों, आधीं कळवितों, व मुक्कामाचें भाडें आनंदानें देतों. (आनंदानें कसलें, थोडें कुरकुरतोंच.) चालकाच्या जेवणाची व अंथरुणाची सोय मात्र यजमानांस अगोदर विचारावी, रात्रभर गाडींत अवघडून बसलेल्या माणसास सकाळीं चंदनापुरीचा घाट चढावयाचा असतो.