दाबमापकाच्या पलीकडे

हवेला वजन असते, हे शाळेत पाठ केलेले वाक्य बहुतेकजण परीक्षेनंतर विसरतात. समुद्रसपाटीवर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो हवेचा भार असतो. हवामानशास्त्रज्ञ तो १०१३ मिलिबार असा मांडतात. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओरिसाच्या किनाऱ्यावर आदळलेल्या चक्रीवादळाच्या केंद्रात हा दाब ९१२ मिलिबारपर्यंत उतरला होता. दाब एक मिलिबारने उतरला की समुद्र सुमारे एक सेंटिमीटर चढतो. या हिशेबाने पाणी फार तर मीटरभर चढावयास हवे होते. मग पाच-सहा मीटरांचा लोंढा आला कोठून? भोवतालची जड हवा कमी दाबाकडे धावते, पृथ्वीच्या परिवलनामुळे वळून गरगरू लागते आणि उथळ किनाऱ्यावर समुद्रच ढकलून आणते. एरसामा भागातील गावे बुडाली. सुमारे दहा हजार माणसे मेली.

वादळाची सूचना मिळाली नव्हती असे नाही. परंतु मातीच्या झोपडीतील मजुराने ती ऐकून जावे कोठे? पुढील वीस वर्षांत निवारे उभे राहिले, गावोगाव स्वयंसेवक तयार झाले. मे २०१९ मध्ये ‘फणी’ पुरीजवळ आले तेव्हा सुमारे बारा लाख लोक आधीच हलविले गेले होते. ओरिसातील मृतांची संख्या ६४ वर थांबली. असल्या खर्चास ‘अनुत्पादक’ ठरविणाऱ्या अंदाजपत्रकी पंडितांनी हे दोन आकडे शेजारी मांडून पाहावेत. अर्थात निवाऱ्यात जीव वाचतो, पानमळा वाचत नाही. पुरीच्या बागाइतदाराने मळ्यासाठी काढलेले कर्ज वादळानंतरही तसेच उभे राहते, आणि त्याची तरतूद अजून तोकडीच आहे.