हिवाळ्यांतील घोड्याचा रतीब

पागेच्या जुन्या हिशेबांत हिवाळ्यांत घोड्याच्या नांवें तूप पडलेलें आढळल्यास तो लेखनदोष समजूं नये. अबुल फजलनें ‘आईन-इ-अकबरी’त खाशा घोड्यास थंडींत उकडलेलें कडधान्य, आणि हिरवें गवत मिळण्यापूर्वीं अर्धा शेर तूप सांगितलें आहे. झूल वारा अडविते. परंतु अंगांतील ऊब वैरण पचतांना उत्पन्न होते, म्हणून थंडींत खाणें वाढवावें लागतें. याचें विपरीत प्रत्यंतर पानिपतावर आलें. इ. स. १७६० च्या नोव्हेंबरपासून मराठे तेथें अडकले. पुढें वैरण तुटली. १४ जानेवारी १७६१ रोजीं लढाईस उभीं राहिलेलीं घोडीं उपाशीं होतीं, आणि म्हणूनच थंडीनें अधिक खचलेलीं होतीं. सबब दाणावैरणीच्या यादी किरकोळ मानून कोणीं टाकूं नयेत, अशी संग्राहकांस आमची विनंति आहे.