सुनावणी म्हणजे नेमकं काय?

माझं मराठी कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. हा विषय इंग्लिश सेक्शनला देणार होते, पण तो मी मावशीसाठी समजून घेतला आणि मावशी इंग्लिश वाचत नाही.

मावशी तिसगावला असते, पाथर्डी तालुक्यात. मावसभाऊ नववीत. तोंडी काहीही विचारा, फटाफट उत्तर! लिहायला बसला की तीन तासांत अर्धा पेपर. तपासणीत डिसग्राफिया निघाला, सर्टिफिकेट मिळालं. शाळेचं म्हणणं, "एकाला जादा वेळ दिला की सगळेच मागतील." मावशी मला म्हणाली, "तू इंजिनिअर होणार ना? मग सांग, जायचं कोणाकडे?" (सर्किटचं विचारलं असतं तर बरं झालं असतं...)

अमेरिकेत अशा भांडणासाठी खास हिअरिंग ऑफिसर असतो. तो शाळेचा नोकर असून चालत नाही. आधी ३० दिवस आपसात मिटवायला, नाही मिटलं तर पुढच्या ४५ दिवसांत निकाल. तो बंधनकारक, पटला नाही तर कोर्ट.

आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळची खुर्ची म्हणजे राज्याचे दिव्यांग आयुक्त, पुण्यात. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, त्यात लिहिण्या-वाचण्याची अडचण नव्हतीच. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आले, त्यात ही आहे. कलम १७ मध्ये जादा वेळ आणि लेखनिक स्पष्ट लिहिलेत. म्हणजे मावशी उपकार मागत नाहीये! आणि हे कॉलेजलाही लागू आहे, त्यामुळे आपल्या हॉस्टेलमधलं कोणी दर सेमिस्टरला पेपर अर्धा सोडत असेल तर लाजू नका.

आयुक्त दिवाणी कोर्टासारखे समन्स काढू शकतात, कागदपत्रं मागवू शकतात, प्रतिज्ञापत्रावर पुरावा घेऊ शकतात. एवढं सगळं करून शेवटी काय देतात? शिफारस! हे वाचून मी वैतागले. मग पुढचं वाक्य वाचलं. शिफारशीवर तीन महिन्यांत कारवाई करून कळवायचं, आणि मान्य नसेल तर कारण आयुक्तांना आणि तक्रारदाराला कळवायचं. केबिनमध्ये "सगळेच मागतील" म्हणणं सोपं असतं, लेटरहेडवर लिहिणं अवघड. आणि तोच कागद घेऊन हायकोर्टात जाता येतं.

खरी अडचण वेळेची. २०२१ च्या नीटमध्ये डिसग्राफिया असलेल्या एका मुलीला हक्काचा जादा तास मिळाला नाही. प्रकरण मुंबई हायकोर्टातून सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टाने अन्याय झाल्याचं मान्य केलं, भरपाई कशी करणार ते आठवड्यात ठरवा असं परीक्षा घेणाऱ्या संस्थेला सांगितलं, पण परीक्षा पुन्हा घ्यायला नकार दिला. गेलेला तास गेलाच.

तिसगावहून पुणे म्हणजे करंजी घाट, नगर, तिथून आणखी १२० किलोमीटर. प्रत्येक तारखेला मावशीचा एक रोज बुडणार. म्हणून आधी पहिली पायरी केली. इतके दिवस सगळं तोंडीच चाललं होतं, शाळेकडे मावशीचा एकही अर्ज नव्हता. सुट्टीत मी अर्ज लिहिला, कलम टाकलं, सर्टिफिकेटची झेरॉक्स जोडली. क्लार्क म्हणाले, "ठेवून जा, बघतो." मावशी आवक शिक्का मिळेपर्यंत हलली नाही.

ती पोच आता गव्हाच्या डब्यात आहे, रेशनकार्डाबरोबर. सहामाही दिवाळीआधी आहे, आणि शाळेचं उत्तर अजून आलेलं नाही.