लेथवरचा हात आणि कोटीचे यंत्र

जुन्या पंपाचा बुश झिजला. कंपनीने तो सुटा भाग बनविणे कधीच बंद केले आणि पिकाला तर आजच पाणी हवे. शेतकरी जातो कुठे? कोल्हापूरच्या उद्यमनगरात, नाहीतर तालुक्याच्या लेथवाल्याकडे. तो झिजलेला बुश व्हर्नियरने मोजतो, गनमेटलचा तुकडा चकमध्ये धरतो, भोक आधी किंचित लहान ठेवतो आणि शाफ्ट घालून बघत बघत मापाला आणतो. ना ड्रॉइंग, ना प्रोग्राम.

हेच काम सीएनसी यंत्रावर करावयाचे तर आधी प्रोग्राम लिहा, टूल लावा, सेटिंग करा, पहिला नग तपासा. हजार नग काढावयाचे असतील तर हा खटाटोप वसूल होतो. मग यंत्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आत तोच तो नग काढीत राहते. दिवसभर असे काम हाताने होत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. एका नगासाठी मात्र लेथच परवडतो.

आमचा यंत्राला विरोध नाही. माणसाला राबण्यातून सुटका आणि विचाराला फुरसत यंत्रामुळेच मिळते, ही भूमिका बाबासाहेबांनी 1945 सालच्या ग्रंथात मांडली होती. (हातकसबाचे गोडवे गाणाऱ्या किती जणांची मुले लेथवर उभी असतात?) प्रश्न आहे तो यंत्राच्या मालकीचा. भोसरी-सातपूरच्या शेडमध्ये आमची पोरे ठेकेदाराकडे सीएनसीवर उभी असतात. माल लावा, बटण दाबा, माल काढा. प्रोग्राम लिहिणारा वेगळा आणि मालक तर त्याहून वेगळा.

सरकारने 2023 मध्ये विश्वकर्मा योजना आणली. घराण्यात चालत आलेले 18 व्यवसाय तिने निवडले. त्यात लोहार आहे, पण आयटीआयमध्ये शिकून टर्नर झालेला मुलगा नाही. म्हणजे धंदा पुन्हा जन्मावरूनच! कर्ज दोन टप्प्यांत मिळून 3 लाख. पाच अक्षांचे यंत्र कोटीच्या घरात जाते. 3 लाखांत साधे सीएनसीही नवे येत नाही.

मोठ्या कर्जाची योजना नव्हती असे नाही. 2016 च्या स्टँड-अप इंडियात प्रत्येक बँक शाखेने अनुसूचित जाती किंवा जमातीच्या किमान एका उद्योजकाला 10 लाख ते 1 कोटी कर्ज द्यावे, असे ठरले होते. आपल्या गावच्या सरकारी बँकेच्या शाखेने ते कुणाला दिले? माहितीच्या अधिकारात विचारता येते. अर्जाला दहा रुपये लागतात.