बोंड कुणासाठी काढायचं?

मुलांच्या पुस्तकात कपाशीचं चित्र दिसलं की माझी नजर आधी बोंडावर जाते. बहुतेक वेळा हिरव्या काडीवर पांढरा गोळा ठेवलेला असतो. दर्यापूरकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत असंच पान पुढे धरलं, तर तिसरीतली एक मुलगी लगेच म्हणाली, "सर, पऱ्हाटी अशी नसते न! बोंडाचं टरफल कुठी हाय?"

तिचं बरोबर होतं. पाती धरते, फूल येतं. आपल्याकडच्या नेहमीच्या कपाशीचं हे फूल पहिल्या दिवशी फिकट आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी असतं. मग बोंड धरतं, पोसतं, वाळून चार-पाच पाकळ्यांनी फाटतं आणि प्रत्येक कप्प्यातून कापूस बाहेर लोंबतो. सीतादहीची पूजा होऊन वेचणी लागते. वऱ्हाडातल्या लेकरांनी हे सगळं धुऱ्यावर बसून पाहिलेलं असतं. त्यांच्या पुस्तकात चुकीचं बोंड छापणं मला अक्षम्य वाटतं.

मात्र बरोबर काढणं म्हणजे सगळ्यांसाठी सारखंच काढणं नव्हे. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी पानभर एकच बोंड, ठळक रेघ, मागे मोकळी जागा. त्याला बोट ठेवून नाव घ्यायचं असतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला अख्खं शेत द्यावं: ओटीत कापूस भरणारी आई, बांधावर झोपलेलं कुत्रं, आणि मजकुरात ज्याचा उल्लेखही नाही असा तासात लपलेला ससा. तो ससा आपल्यालाच सापडला, या आनंदात मूल पान पुन्हा उलटतं. नऊ-दहाव्या वर्षी बोंड उभं कापून दाखवावं, शेजारी जिनिंगचं यंत्र काढावं. कापसाच्या वजनात रुई साधारण एक तृतीयांश आणि उरलेली बहुतेक सरकी, हे त्या वयात चित्रातून पटकन कळतं. तेरा-चौदाच्या मुलांसाठी बाजारात उभी असलेली, कापसाने भरलेली बैलगाडी आणि पाठमोरा बाप पुरे. चेहरा त्यांचा ते वाचून घेतील. मूल मोठं झालं की चित्रं कमी करायची, ही आपल्याकडची रीत मला मान्य नाही. चित्राचं काम बदलतं, गरज संपत नाही.

इतिहास थोडक्यात सांगतो. कोमेनियसचं मुलांसाठीचं सचित्र पुस्तक १६५८ चं. आपल्याकडे 'चांदोबा' मराठीत १९५२ मध्ये आला, बालभारती १९६७ मध्ये स्थापन झाली आणि तिचं 'किशोर' १९७१ मध्ये निघालं. शि. द. फडणीसांनी गणिताच्या पाठ्यपुस्तकांत हसरी चित्रं आणली.

माधुरी पुरंदरे यांच्याविषयी मात्र सविस्तर बोलायला हवं. जे. जे. आणि नंतर पॅरिस इथं कलाशिक्षण घेतलेल्या या लेखिका स्वतःच लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात, त्यामुळे शब्दांनी काय सांगायचं आणि रेषेवर काय सोपवायचं हे एकाच मनात ठरतं. 'राधाचं घर'मधली माणसं खऱ्या घरातल्यासारखी वावरतात. बालवाडीच्या वयाला पुस्तकात आपलं घर ओळखू येणं किती मोलाचं असतं, हे ती पानं पाहून कळतं.

आता प्रश्न आपल्या भागाचा. धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू वस्त्यांत गेलो की समोरासमोर ओळीत बांधलेली घरं दिसतात, आणि पुस्तकातलं 'खेडं' भलतंच असतं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या २०१५ मध्ये सुरू झालेल्या मंचावर कोरकूतही चित्रपुस्तकं आहेत, ही आनंदाची गोष्ट. तिथल्या घरांची, मोहाच्या झाडांची चित्रं तिथल्याच मुलांना दाखवून दुरुस्त करून घेतली पाहिजेत.

आणि शकुंतला! अकोला जिल्ह्यातलं मूर्तिजापूर आणि अमरावती जिल्ह्यातलं अचलपूर यांना जोडणारा ७६ किलोमीटरचा तो नॅरोगेज मार्ग. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन तिथं धापा टाकत होतं. लहानग्यांसाठी नुसतं इंजिन आणि धूर, मधल्यांसाठी खिडक्या-खिडक्यांतली माणसं, मोठ्यांसाठी बॉयलरचा छेद आणि कापूस वाहून नेण्यासाठी टाकलेल्या रुळांचा नकाशा: एका गाडीची तीन पुस्तकं होतात. अकोला-अमरावतीच्या तरुण चित्रकारांनी ती करावीत. इंजिन धावताना पाहिलेली माणसं अजून गावोगाव आहेत. त्यांच्याजवळ बसून कच्ची रेखाटनं तपासून घ्यायची हीच वेळ आहे.